बडग्या घ्यायचा तर सांगाडा विकत, पाटी घरची

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या इतवारी-महालात मारबत निघते, ईडा-पीडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा. तिच्यासोबत नाचवायला बडग्या, म्हणजे गळ्यात टोमण्याची पाटी घातलेला आणि शेवटी जाळायचा बांबू-कागदाचा पुतळा, हवा असेल तर दोन वाटा आहेत. सगळा तयार घ्या, नाहीतर बुरडाकडून नुसता सांगाडा बांधून घ्या आणि कागद, रंग, पाटी मोहल्ल्यातल्या पोट्ट्यांवर सोपवा. आमचं मत दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. तयार बडग्याचं अंग सफाईदार असतं, पण त्याच्या गळ्यातली पाटी कुठल्याही गावात खपेल अशी असते. आणि बडग्याची सगळी किंमत त्या पाटीत आहे.

सांगाडा ताब्यात घेताना खांदे धरून पिळून पाहा. कंबर फिरली तर आत तिरपे ताण दिलेले नाहीत. दोन कमच्या (बांबूच्या पट्ट्या) फुलीसारख्या बांधून मागा. हिरवा बांबू नको. तो सुकताना आकसतो, सुतळी ढिली पडते आणि ऐन मिरवणुकीत मान कलते. बांधणी सुतळीचीच असावी, कारण तारेची बांधणी जळून गेल्यावर तारा रस्त्यावर उरतात आणि अनवाणी पायांत घुसतात. ठेल्यासकट उंची 11 फुटांच्या आत ठेवा, गल्लीबोळांत विजेच्या तारा खाली लोंबतात.

खळीचं प्रमाण एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी. पारदर्शक होईपर्यंत शिजवायची, उतरवल्यावर चिमूटभर मोरचूद टाकायचं म्हणजे बुरशी धरत नाही. मोरचूद विषारी आहे, भांडं वेगळं ठेवा. वर्तमानपत्राचे तीन थर पुरतात, पण एका थराला एक अख्खा दिवस द्या. या दिवसांत हवा ओली असते. घाईने तिन्ही थर एकदम चढवले की आतला ओला राहतो आणि पोटावर फुगे येतात. चेहरा थोडा खाली झुकलेला हवा, बघणारे खालूनच बघतात.

आता पाटी. तीन फूट बाय दोन फुटांचा पुठ्ठा, अक्षरं किमान चार इंच, शब्द सात-आठ. पोस्टर कलर पहिल्या सरीत ओघळतो, म्हणून ऑइल पेंट घ्या. फ्लेक्स तर नकोच, जळताना त्याचा काळा धूर डोळ्यांना झोंबतो.

पाटी बहुतेक वेळा फसते ती रागाने. ‘खड्डे बुजवा, नाहीतर आंदोलन करू’ हे निवेदन झालं, ते कार्यालयात द्यावं. बडग्यावर ‘काऊन बे खड्ड्या, रस्ता कुठी नेला?’ असं लिहिलं की गर्दी थांबते, वाचते, शेजारच्याला दाखवते. तक्रार तीच आहे, पण हसताना माणूस ती घरी घेऊन जातो. ‘पाणी गढूळ, बिल मात्र स्वच्छ’ हीसुद्धा चांगली ओळ: दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि टोमणा मधल्या जागेत आहे. समजावून सांगावी लागली तर ओळ बदला. कोणाची जात, शरीर, आजारपण यांवर अक्षरही नको. टोमणा खुर्चीला आणि गैरसोयीला मारायचा असतो.

ही शिस्त या शहराला जुनी आहे. काळी मारबत 1881 पासून निघते, जागनाथ बुधवारीची पिवळी 1885 पासून. काळ्या मारबतीचा संबंध नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या, इंग्रजांना सामील झालेल्या बांकाबाई भोसले यांच्याशी जोडतात. म्हणजे सत्तेला चिमटा काढणं इथे सणाच्या पोटातच आहे. ‘ईडा, पीडा, रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत’ या हाकेत खोकल्याच्या रांगेत महागाई आणि भ्रष्टाचारही बसतात, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. ज्या गोष्टीने वर्षभर जीव हैराण झाला, तिला बांबू-कागदाचं ढेरपोट देऊन नाचवायचं आणि संध्याकाळी जाळून मोकळं व्हायचं. इतकं हलकं करणारी दुसरी वस्तू बाजारात नाही.

म्हणूनच पाटीही बडग्यासोबत जाळा. पुठ्ठा चांगला आहे म्हणून काढून ठेवलेली ओळ पुढल्या वर्षी कोणी वाचत नाही.

सांगाडा नागपंचमीच्या आत सांगून ठेवा. पोळ्यानंतर चारच दिवसांनी गणपती येतात, त्यामुळे नंतर बुरडांकडे मखरांचं काम लागतं, आणि घाईत बांधलेल्या सांगाड्याची कंबर हमखास फिरते.