बातमीदारी की डेस्क? दोन्हीकडे बसलेल्याचं मत

मराठी दैनिकात नव्याने लागलेल्याला पहिल्याच आठवड्यात विचारतात, "बाहेर फिरणार की डेस्कवर बसणार?" डेस्क म्हणजे आलेल्या बातम्या तपासून, सुधारून छपाईसाठी तयार करणारा विभाग. बरेच जण बायलाइनकडे बघून उत्तर देतात. छापून आलेल्या नावाची ही भूल महिनाभरात उतरते.

एकच बातमी घ्या. महामार्गावर अपघात झालाय. संध्याकाळी सातला पोलिसांची प्रेसनोट व्हॉट्सॲपवर पडते: 'भरधाव ट्रकने सदर मोटारसायकलीस ठोस मारल्याने दोन इसम मयत'. बातमीदार आधी ठाणे अंमलदाराला फोन लावतो, मग सिव्हिल हॉस्पिटल गाठतो. तिथे कळतं, तिसराही गेला. नातेवाइकांसमोर वही कधी काढायची, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. तेवढ्यात एक हवालदार सहज बोलून जातो, त्या वळणावर महिन्यातला हा चौथा अपघात. खरी बातमी हीच. पण नोंदी तपासल्याशिवाय ती लिहायची कशी, आणि घड्याळात तर साडेनऊ वाजलेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशामुळे एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर येतो खरा, पण पान त्याच्या कितीतरी आधी छपाईला सुटतं.

तीच कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, डेस्कवर आली की उपसंपादकाला तिच्यातली भोकं दिसतात. इंट्रोत, म्हणजे पहिल्या परिच्छेदात, मृत तीन, खाली नावं दोनच. जखमी ज्या 'वडगाव'चा, तशी वडगावं आहेत किती! 'मयत'चं 'मृत' करायचं, 'सदर इसम' काढायचा. 'भरधाव' कोणी ठरवलं, हे फोन करून विचारायचं. शेवटच्या परिच्छेदात पुरलेलं ते वळण उचलून वर आणायचं, कारण ऐनवेळी जाहिरात आली की बातमी खालूनच कापली जाते. मग दोन कॉलमांत बसेल असं हेडिंग. हे सगळं वीस मिनिटांत, आणि नाव बातमीदाराचं!

काही चुका मात्र डेस्कवरच अडवाव्या लागतात. बलात्कारपीडितेची ओळख छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बातमीदार नाव गाळतो, पण घाईत गाव, कॉलेज, वडिलांचं दुकान तसंच राहतं. एवढ्यावरून गावाला कळायला कितीसा वेळ लागतो?

वेळेचं म्हणाल तर सारखंच. बातमीदाराचा फोन सुट्टीतही वाजतो, डेस्कवाला रात्री एकला घरी पोचतो.

माझं मत विचाराल, तर अनोळखी माणसाशी बोलताना घशाला कोरड पडत असली तरी पहिली दोन वर्षं बाहेरच काढा. प्रेसनोट कशी तयार होते हे ठाण्यात बसून पाहिलेलं नसेल, तर डेस्कवर 'भरधाव' डोळ्यांखालून तसाच निघून जातो. माझ्या पहिल्या अपघाताच्या बातमीत तो तसाच छापून आला होता. ट्रक टायर फुटून रस्त्याकडेला उभा होता. मोटारसायकलच त्याच्यावर आदळली होती.