यात्रेतील पाचक कॅप्सूल आणि पातळ झालेली पेज

सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानावरील एका स्टॉलवर ‘मोफत पोट तपासणी’ असा फलक लावलेला होता. तेथे माझ्या वडिलांच्या हातात संगणकाला जोडलेली धातूची दांडी देण्यात आली आणि ‘पाचक एन्झाइमची तीव्र कमतरता’ असा रंगीत अहवाल लगेच छापून मिळाला. स्वादुपिंडातून येणारी एन्झाइम पुरेशी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी विष्ठेची किंवा रक्ताची तपासणी करावी लागते. मुठीत दांडी धरून ते कळत नाही.

मात्र लोकांना खरी भुरळ पडली ती पुढच्या प्रयोगाची. विक्रेत्याने काचेच्या पेल्यात ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज घेतली, कॅप्सूल फोडून तीतील भुकटी टाकली आणि ढवळता ढवळता, चमचा उभा राहील अशी ती पेज ताकासारखी पातळ झाली. प्रयोग खरा होता, आणि फसवणुकीचे मर्म नेमके तेथेच आहे. अमायलेज हे एन्झाइम पिष्टमय पदार्थांचे विघटन करते आणि आपली लाळही तेच काम फुकट करते. त्यावरून पित्त, बद्धकोष्ठ किंवा मधुमेह बरा होतो असे मुळीच ठरत नाही. तरीही मधुमेहाच्या गोळ्या हळूहळू सुटतील असे ध्वनिक्षेपकावरून सांगितले जात होते आणि पत्रकातही छापले होते.

तीन बाटल्यांच्या ‘कोर्स’चे 4,500 रुपये घेतले, पक्के बिल मागितल्यावर ‘यात्रेत बिल कुठले, काका?’ असे उत्तर मिळाले.

घरी बाटली नीट पाहिली. पपईच्या चिकातील पपेन, अननसाच्या खोडातील ब्रोमेलेन आणि अमायलेज यांचे वजन मिलिग्रॅममध्ये दिले होते, पण एन्झाइमची ताकद वजनावर नव्हे तर त्याच्या क्रियाशीलतेच्या युनिटवर ठरते आणि तो आकडा कोठेही नव्हता. अन्न परवान्याचा क्रमांक 14 अंकी असतो. येथे 13 अंक होते. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ मात्र भिंगाने वाचावी लागेल इतक्या बारीक अक्षरात छापलेली होती. आम्ही तशीच पेज करून विकत आणलेल्या बाटलीतील कॅप्सूल तीत फोडली, तर सकाळपर्यंत पेज होती तशीच घट्ट राहिली. प्रयोगाचा माल वेगळा आणि विक्रीचा वेगळा, याहून दुसरा अर्थ मला तरी लावता येत नाही.

पोट बिघडू लागले तेव्हा विक्रेत्याने फोनवर ‘विषद्रव्ये बाहेर पडत आहेत, डोस दुप्पट करा’ असे सांगितले. वडील रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात. पपेन व ब्रोमेलेनमुळे अशा रुग्णांना रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ती कॅप्सूल तत्काळ थांबवली.

सगळीच एन्झाइम निरुपयोगी असतात असे नाही. दूध न पचणाऱ्यांना लॅक्टेजचा उपयोग होतो आणि स्वादुपिंडाच्या आजारात डॉक्टर एन्झाइमच्या कॅप्सूल देतात, पण त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेल्या असतात. पपई-अननस हा त्यांना पर्याय नव्हे.

अन्न व औषध प्रशासनाकडे आम्ही लेखी तक्रार दिली असून बाटल्या, पत्रक आणि छापील अहवाल जपून ठेवले आहेत. याच स्टॉलवर ज्यांनी खरेदी केली असेल त्यांनी उरलेला माल फेकून देऊ नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि पक्के बिल नसले तरी ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद पुरावा म्हणून जोडता येते.