बिना बुर्राच्या कॅम्पवर तीन रात्री, आईबरोबर

ब्रिस्बेनहून शंभर-एकशेदहा किलोमीटरवर, लॅमिंग्टन नॅशनल पार्कला लागून बिना बुर्रा लॉज आहे. तिथल्या कॅम्पसाइटवर डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तीन रात्री तंबूत राहिलो: मी, माझा अकरा वर्षांचा मुलगा आणि देवगडहून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई. इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण तिथे दिवसाची चक्कर मारून, चहा पिऊन, दरीचे फोटो काढून परत येतात. मी गेले ते एका भुंगेऱ्यासाठी, आणि कॅम्पबद्दल जे सांगणार आहे तेही त्याच अंगाने.

हा भुंगेरा डिसेंबर 2021 मध्ये याच कॅम्पसाइटवर सापडला. जेम्स ट्वीड हा तेव्हा क्वीन्सलँड विद्यापीठात पीएचडी करणारा कीटकशास्त्रज्ञ. सकाळी कॅम्पच्या झाडीतून फिरताना त्याला लोमँड्रा नावाच्या लांब पानांच्या झुडपाच्या पानावर पांढरं काहीतरी दिसलं. पहिल्यांदा त्याला ती पक्ष्याची विष्ठाच वाटली. परत नजर टाकली तर लांब मिशांचा भुंगेरा, आणि अंगभर लांब पांढरे केस. लांबी 9.7 मिलिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढी. केसांखालून लाल आणि काळा रंग. असा भुंगेरा कुणीच पाहिलेला नव्हता. कॅनबेरातल्या राष्ट्रीय कीटकसंग्रहात तो ताडून पाहिला गेला आणि 2024 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. नाव ठेवलं एक्सकास्ट्रा अल्बोपिलोसा. लॅटिनमध्ये एक्सकास्ट्रा म्हणजे 'छावणीतून आलेला', अल्बोपिलोसा म्हणजे 'पांढरा नि केसाळ'. ज्या जागी आपण तंबू ठोकतो ती जागा एका प्राण्याच्या नावात कायमची गेली आहे. मला हे वाचल्यापासून तिथे जायचंच होतं.

आता कॅम्प. जागा डोंगराच्या सोंडेवर, समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटर उंचीवर. खाली गोल्ड कोस्टला अंगाची लाही होत असते आणि इथे रात्री स्वेटर लागतो. स्वतःचा तंबू लावायला जागा आहे, आणि ज्यांना ती खटपट नको त्यांच्यासाठी उभे केलेले कापडी सफारी तंबूही आहेत. आईचे गुडघे बघता पुढच्या वेळी आम्ही सफारी तंबूच घेऊ. अंघोळीला गरम पाणी मिळालं, संडास स्वच्छ होते, आणि चहाचं दुकान चार पावलांवर. सुट्टीत गर्दी होते, जागा आधीच ऑनलाइन राखून ठेवा.

आमचा तंबू मात्र पहिल्याच रात्री गळला. दोन महिन्यांपूर्वी नवा घेतला होता, कुठून ते इथे सांगत नाही. शिवणीतून पाणी आलं आणि आईची चादर भिजली. डिसेंबर ते मार्च इथे पाऊस कधीही येतो आणि आला की झोडपतो. कोकणातला माणूस पावसाला भीत नाही, पण कोकणात डोक्यावर कौलं असतात. तंबूच्या शिवणींना घरीच मेण किंवा सीलर लावून, पाण्याचा पाइप मारून तपासा आणि मगच निघा. वरून बांधायला एक ताडपत्री ठेवा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी त्यांची जादा ताडपत्री दिली म्हणून आमच्या पुढच्या दोन रात्री सुखात गेल्या.

पहाटे आई दचकून उठली. बाहेर कुणाचं तरी तान्हं बाळ रडतंय म्हणून तिने मला हलवलं. तो कॅटबर्ड नावाचा हिरवा पक्षी. त्याचं ओरडणं थेट तान्ह्या मुलासारखं. नंतर चाबूक ओढल्यासारखा व्हिपबर्ड वाजला आणि मग कुणालाच झोप आली नाही. स्टोव्हवर पोहे केले. खोबरं देवगडचं नव्हे, इथल्या दुकानातल्या नारळाचं, पण खवलं तिने आणि तिच्या हाताची चव उतरलीच.

न्याहारीनंतर तिघं लोमँड्रा बघत हिंडलो. ब्रिस्बेनमध्ये राहणाऱ्यांनी हे झुडूप रोज पाहिलंय: रस्त्याच्या दुभाजकात, शाळेच्या कुंपणाला, पट्ट्यासारख्या लांब पानांचे जे झुबके लावतात ते लोमँड्रा. त्यामुळे काय शोधायचं हे लहान मुलालाही कळतं. आम्ही दीड तासात वीस-पंचवीस पावलांचीच जागा पाहिली असेल. पान उलटायचं नाही, झाड हलवायचं नाही, आधी वरून बघायचं, मग वाकून खालून. मुलाला एक पांढरा ठिपका दिसला, तो ओरडला, आई वाकली आणि म्हणाली, "पाखराचो गू तो." तो खरोखरच पाखराचा गू होता. पण पुढच्या प्रत्येक पांढऱ्या ठिपक्यापाशी आम्ही थांबलो. त्या थांबण्यात जे दिसलं ते एरवी दिसलं नसतं: काचेसारखा पारदर्शक कोळी, पानाच्या कडेला ओळीने घातलेली अंडी, आणि पावसानंतर पायवाटेवर नांग्या उगारून उभा राहिलेला निळा काटेरी झिंगा. हा झिंगा लॅमिंग्टनची ओळख आहे. ओढ्यातून बाहेर येऊन तो जंगलातून चालतो, आणि माणूस आडवा आला तर मागे हटत नाही.

आता त्या संध्याकाळबद्दल, जिच्यासाठी मी या जागेला पैकीच्या पैकी देते.

सात-साडेसातला अंधार पडला. आम्ही संडासाच्या इमारतीच्या दिव्याखाली उभे होतो. ही जागा ऐकायला बरी वाटत नाही, पण कीटक बघायला कॅम्पवर याहून चांगली जागा नाही. पतंग, चतुर, ढालकिडे, सगळे भिंतीवर. त्यात एक तपकिरी भुंगेरा बसलेला, अडीच सेंटिमीटरचा, आणि मिशा अंगाहून लांब, मागे कमानीसारख्या वळलेल्या. आईने चष्मा कपाळावरून खाली घेतला, नाक भिंतीला टेकेपर्यंत पुढे गेली आणि म्हणाली, "अगो, हो तर भिरूडच!"

आमची देवगडला आंब्याची बाग आहे. भिरूड म्हणजे आंब्याच्या खोडात शिरणारी अळी, आणि तिचा होणारा राखाडी भुंगेरा, पाठीवर पुढच्या बाजूला दोन तांबूस ठिपके असलेला. बाबा गेले त्याला सात वर्षं झाली. पण खोडाच्या बुडाशी भुसा पडलेला दिसला की ते विळ्याने साल खरवडून भोक शोधायचे, आत तार घालायचे, पिळायचे, आणि तारेच्या आकड्याला पांढरी जाड अळी घेऊन बाहेर काढायचे. हाताला लागली नाही तर रॉकेलात भिजवलेला कापसाचा बोळा आत कोंबायचा आणि वरून ओल्या मातीने भोक लिंपायचं. तेव्हा कंदील धरायचं काम आईचं. तिने आयुष्यात शेकड्याने भिरूड पाहिलेत. तिला हे विचारायची गरज नव्हती की या किड्याचं कुळ कोणतं.

मी भुंगेऱ्याला दोन बोटांत अलगद धरला. तो मान खालीवर करून चिरचिर आवाज करू लागला. मानेची मागची कड तिच्या मागच्या भागावरच्या बारीक रेघांवर घासून हे भुंगेरे असा आवाज काढतात. आईने कान जवळ आणला. "असोच करता," म्हणाली, आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग मी त्याला परत भिंतीवर ठेवला.

रात्री तंबूत मी तिला एक्सकास्ट्राचा शोधनिबंध मोबाइलवर वाचून दाखवला. तो कुणालाही फुकट वाचता येतो. तिचा पहिला प्रश्न: "एकच किडो? मगे तो नवीन ह्यां कशावरसून कळला?" प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. वर्णन झालं तेव्हा शास्त्रज्ञांच्या हाती एकच नमुना होता. नवीन प्रजाती जाहीर करायची तर आधी आजवर माहीत असलेल्या सगळ्या जवळच्या प्रजातींशी ती ताडावी लागते, आणि लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या जगभर पस्तीस हजारांहून जास्त प्रजाती आहेत. ट्वीडने आधी ओळखीच्या जाणकारांना फोटो दाखवले, पुस्तकं चाळली, मग कॅनबेरात जाऊन हजारो टाचलेल्या नमुन्यांशी मेळ घालून पाहिला. तिथले अ‍ॅडम श्लिपिन्स्की आणि लॉरेन अ‍ॅशमन हे भुंगेऱ्यांचे अभ्यासक त्याच्याबरोबर काम करत होते. कशातच बसेना, म्हणून नुसती प्रजाती नवी नाही, प्रजातींचा अख्खा गट, म्हणजे वंशच नवा करावा लागला.

वर्णन लिहिताना डोकं, मिशांचे सांधे, डोळ्यांची ठेवण, पाठीवरच्या कठीण पंखांचा आकार, पायांच्या टोकाची नखं, केस कुठे किती लांब, हे सगळं एकेक करून मोजून शब्दांत मांडतात. ज्या नमुन्यावरून ते लिहिलं तो संग्रहात कायमचा जपून ठेवतात, उद्या कुणाला शंका आली तर पुन्हा त्याच नमुन्याकडे जाता यावं म्हणून. आईला हे पटलं. आमच्याकडे जमिनीच्या हद्दीचा दगड असतो तसं, ती म्हणाली; वाद झाला की सगळे त्या दगडापाशी जमतात.

तिला त्याहून जास्त आवडली ती दुसरी गोष्ट. एक्सकास्ट्रा लॅमिइनी या उपकुळातला आहे. या गटातल्या भुंगेऱ्यांचं तोंड समोरून चपटं, सरळ खाली उतरणारं असतं. आंब्याचा भिरूडही त्याच उपकुळातला. म्हणजे संडासाच्या भिंतीपाशी उभं राहून तिने जे म्हटलं, त्याच पद्धतीने कॅनबेरातल्या लोकांनीही सुरुवात केली असणार: हा कुणासारखा दिसतो?

आणि ते केस कशाला? शास्त्रज्ञांचा अंदाज असा की त्यामुळे तो बुरशी लागून मेलेल्या किड्यासारखा दिसतो. कीटकांना मारणाऱ्या बुरशीचे पांढरे धागे मेलेल्या किड्याच्या अंगातून असेच बाहेर येतात. असलं काही दिसलं तर पक्षी ते खाणार नाही. आईने यावर एवढंच विचारलं की आमच्या भिरुडाला अशी लव का नाही आली. मुलाने उत्तर दिलं: त्याला तुम्ही झाडाच्या आतच शोधता, आजी.

तिसऱ्या दिवशी मुलाला घेऊन मी पाच किलोमीटरची केव्हज सर्किट केली. आई सव्वा किलोमीटरच्या रेनफॉरेस्ट सर्किटवर हळूहळू चालली आणि चहाच्या दुकानाशी आमची वाट बघत बसली. दोन्ही वाटा नीट बांधलेल्या आहेत. जळवा आहेत, मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा, आणि परतल्यावर अंगावर गोचीड चढली नाही ना ते बघा. मोठ्या हृदयाच्या आकाराच्या, भोकं पडलेल्या पानांचं झाड दिसलं तर हात लावू नका, मुलांना आधीच दाखवून ठेवा. तो जायंट स्टिंगिंग ट्री. खाजकुइली त्याच्यापुढे काहीच नाही. निघण्याआधी पार्कच्या वेबसाइटवर कोणत्या वाटा बंद आहेत तेही पाहून घ्या.

आणखी एक. नॅशनल पार्कातून परवान्याशिवाय किडा उचलून आणता येत नाही. फोटो काढा, जागेवर सोडा. फोटो काढताना वरून, बाजूने आणि समोरून, असे तीन तरी काढा, शक्यतो बाजूला पट्टी धरून. आमच्या भिंतीवरच्या भुंगेऱ्याचा मी एकच फोटो काढला, वरून, तोही थरथरलेला. आयनॅचरलिस्ट या, फोटोवरून प्राणी-वनस्पती ओळखून देणाऱ्या वेबसाइटवर टाकल्यावर कुणीतरी उपकुळापर्यंतच पोचू शकलं. चपटं तोंड त्या फोटोत दिसतच नाही, आणि आता तो कोण होता हे मला कधीच कळणार नाही. याची चुटपुट अजून आहे.

हे ठिकाण काय सोसून उभं आहे हेही जाता जाता सांगते. आर्थर ग्रूम आणि रोमिओ लेही यांनी 1930 च्या दशकात हा लॉज सुरू केला. लेही लाकडाच्या गिरणीवाल्या घरातला, पण हे जंगल राखीव व्हावं म्हणून झटला आणि 1915 मध्ये लॅमिंग्टन नॅशनल पार्क जाहीर झालं. सप्टेंबर 2019 च्या वणव्यात जुना लॉज जळून गेला. ओलं म्हणून जे जंगल पेटत नाही असं लोक मानत होते त्याच्या कडा पेटल्या. त्या आगीनंतर सव्वादोन वर्षांनी, त्याच आवारात, लोमँड्राच्या एका पानावर एक्सकास्ट्रा बसलेला सापडला. तंबूतून बाहेर पडल्यावर आजूबाजूच्या झाडांकडे बघताना हे मनात राहतं.

नुसतं दरीचं दृश्य बघायचं असेल तर दिवसाची सहल पुरेशी आहे. लहान मुलं किंवा आई-वडील बरोबर असतील आणि त्यांना काहीतरी जवळून दाखवायचं असेल, तर किमान दोन रात्री राहा. चांगली विजेरी, दहापट मोठं दिसणारं भिंग, ताडपत्री आणि स्वेटर घ्या. आम्हाला एक्सकास्ट्रा दिसला नाही. निघायच्या दिवशी सकाळी तंबू आवरत होतो, मुलगा गाडीत जाऊन बसला होता, आणि आई अजून त्या पहिल्या लोमँड्रापाशी वाकलेली होती, एकेक पान न हलवता बघत.