पायथनचं ‘रिप्लेस’ आणि ‘सब’: कामाला वाघ, पण तोंडाने मुकी

छपाईआधी मजकूर साफ करून देणं हे माझं काम. त्यामुळे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं ‘रिप्लेस’ आणि तिच्या ‘आरई’ मॉड्यूलमधलं ‘सब’ ही मजकूर बदलून देणारी दोन फंक्शनं रोज हाताखाली असतात.

‘रिप्लेस’ सरळमार्गी. काय शोधायचं, काय घालायचं, विषय संपला. टिंब असो की कंस, अक्षराला अक्षर जुळवतं. मूळ स्ट्रिंगला, म्हणजे मजकुराला, मात्र हात लावत नाही, नवी करून देतं. ती व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवून, घ्यायला विसरलात तर काहीच झालेलं नसतं. (मी अजूनही विसरते.)

एका कादंबरीत नायिकेचं नाव ऐनवेळी ‘रमा’चं ‘सुधा’ करायचं ठरलं. ‘रिप्लेस’ चालवलं आणि कादंबरीत ‘पसुधात्मा’ अवतरला! आरमाराचं ‘आसुधार’ झालं, चर्चा ‘गसुधागरम’ झाली.

मग रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे खुणांनी लिहिलेला शोधाचा साचा (पॅटर्न); ‘सब’ त्यावरच चालतं. ‘रमा’च्या दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण, म्हणजे बॅकस्लॅश आणि बी, लावून ‘सब’ चालवलं. परमात्मा सुटला. पण ‘रमा उठली’मधली रमा जागची हलली नाही आणि शेजारचे रमाकांत मात्र सुधाकांत होऊन बसले. नेमकं उलटं. ‘आरई’च्या लेखी शब्दाचा भाग म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. काना, वेलांटी, हलन्त यांची गणना युनिकोड (अक्षरांना क्रमांक देणारं जागतिक मानक) ‘मार्क’मध्ये करतं, म्हणून ती बाहेर. त्यामुळे काना आणि पुढची स्पेस दोन्ही परकीच, मधे सीमा नाही. कान्यापुढे ‘क’ आला की सीमा आहे! मराठी मजकुरावर ही खूण वापरूच नका.

शेवटी सीमा मीच आखली. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात १२८ जागा आहेत. त्यातलं काहीही ‘रमा’च्या आधी किंवा नंतर चिकटलेलं नको, अशा लुकबिहाइंड आणि लुकअहेडच्या अटी घातल्या. ‘ला’, ‘ची’, ‘नं’ या प्रत्ययांना तेवढी सूट. ‘रमेनं’ हाताने बदललं.

‘सब’ची मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे बदली मजकुराऐवजी फंक्शन देता येतं. प्रत्येक सापडलेल्या जागी ते चालतं, त्यामुळे आजूबाजूची वीसेक अक्षरं डोळ्यांखालून घालून मगच हो म्हणता येतं.

आता तक्रार. प्रकरणांचे मथळे ओळीच्या सुरुवातीला शोधायचे होते, म्हणून ‘मल्टिलाइन’ हा फ्लॅग (प्रत्येक ओळीची सुरुवात धरायला लावणारी सेटिंग) ‘सब’ला चौथ्या जागी दिला. मजकुराच्या अगदी सुरुवातीचा मथळा तेवढा बदलला, बाकी सगळे जसेच्या तसे. अर्धा दिवस पॅटर्नच तपासत बसले. दोष पॅटर्नमध्ये नव्हताच: चौथी जागा ‘काउंट’ची, म्हणजे किती वेळा बदलायचं त्याची, आणि ‘मल्टिलाइन’ची किंमत ८. म्हणजे फ्लॅग लागलाच नाही, फार तर आठ बदल करा एवढाच निरोप गेला. एरर नाही, इशारा नाही. पायथनच्या ३.१३ आवृत्तीपासून असं नुसत्या जागेवर देणं कालबाह्य ठरवलंय, हे बरं झालं. ‘फ्लॅग्ज’ असं नाव लिहूनच द्या.

मुकेपणावर उतारा ‘सबएन’. तेच काम करतं, वर किती ठिकाणी बदल झाला तो आकडाही देतं. ‘रिप्लेस’कडे अशी सोय नाही, म्हणून त्याच्याआधी मी स्ट्रिंगचं ‘काउंट’ हे मोजणीचं वेगळं फंक्शन चालवते आणि आकडा कागदावर लिहून ठेवते.

‘सब’ला पाचपैकी चार तारे, ‘रिप्लेस’ला साडेतीन. परमात्म्याचा अर्धा कापला.