महासाथीतील गूगल क्लासरूम: वही तपासणाऱ्यांसाठी उत्तम, शाळा चालवणाऱ्यांसाठी अपुरे

एप्रिल २०२० मध्ये सुमारे १९० देशांतील शाळा बंद होत्या आणि युनेस्कोच्या आकडेवारीनुसार १५० कोटींहून अधिक विद्यार्थी घरी होते. त्या काळात शिक्षकांनी ज्या साधनांवर भिस्त ठेवली, त्यांत गूगल क्लासरूम आघाडीवर होते. कंपनीने २०२१ च्या सुरुवातीला दिलेल्या माहितीप्रमाणे त्याचे वापरकर्ते वर्षभरात ४ कोटींवरून १५ कोटींवर गेले. २०१४ मध्ये आलेले हे साधन मुळात प्रत्यक्ष भरणाऱ्या वर्गाला पूरक म्हणून, गृहपाठ देण्याघेण्यासाठी घडवलेले होते. संपूर्ण शाळेचा भार त्यावर अचानक आला, हे लक्षात ठेवूनच त्याचे मूल्यमापन करायला हवे.

त्याची सर्वांत मोलाची सोय म्हणजे एकाच कार्यपत्रिकेची प्रत्येक विद्यार्थ्यासाठी आपोआप तयार होणारी स्वतंत्र प्रत आणि तिच्यासोबतची खासगी टिप्पणी. व्हिडिओवरील तासाला अनेकांचे कॅमेरे बंद असत, त्यामुळे शिकवलेले कोणाला कळले आणि कोणाला नाही, हे चेहऱ्यावरून ओळखण्याची शिक्षकाची सवय निरुपयोगी ठरली होती. मुलाच्या प्रतीत मात्र गणिताची नेमकी कोणती पायरी चुकली ते दिसत असे, तिथेच समासात सूचना लिहिता येई, आणि सुधारणेसाठी काम परत पाठवले की ते पुन्हा सादर होई. भरल्या वर्गात हात वर न करणारी मुले खासगी टिप्पणीत प्रश्न विचारू शकत होती. माझ्या मते या एका सोयीने शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील धागा जितका टिकवला, तितका तासन्‌तास चाललेल्या थेट तासांनीही टिकवला नाही.

सूचनाफलकाची रचना मात्र तितकी विचारपूर्वक केलेली नाही. सूचना, नवे गृहपाठ आणि मुलांच्या टिप्पण्या एकाच प्रवाहात येतात, आणि सहा-सात विषयांचे सहा-सात वर्ग असलेल्या विद्यार्थ्याला आज नेमके काय करायचे आहे, हे शोधण्यातच थकवा येतो. ज्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी सर्व विषयांसाठी घटकांची एकसारखी मांडणी ठरवून दिली, गृहपाठ ठरलेल्या वेळीच प्रसिद्ध करण्याचा नियम केला आणि एका दिवशी किती कामे द्यायची यावर मर्यादा घातली, तिथे हेच साधन सुसह्य झाले. हा निर्णय एकट्या शिक्षकाच्या हातातला नव्हता.

मुख्याध्यापकांना या साधनाने फारसे काही दिले नाही. एखाद्या वर्गाचे कामकाज पाहायचे तर त्यांना तिथे सहशिक्षक म्हणून सामील व्हावे लागे, म्हणजे केवळ पाहण्यासाठी संपादनाचे बहुतेक अधिकार हाती येत. पालकांना ई-मेलने जाणारा गोषवारा राहिलेली आणि येऊ घातलेली कामे सांगतो, पण गुण सांगत नाही. शिवाय ज्या घरात ई-मेल वापरलाच जात नाही तिथे तो पोहोचत नाही. म्हणून अनेक शाळांना पालकांशी फोनवर बोलण्याची वेगळी व्यवस्था उभी करावी लागली, आणि ते काम शिक्षकांच्या तासांनंतरच्या वेळात जाऊन पडले. या श्रमांची नोंद कोणत्याही पडद्यावर होत नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

इंटरनेट जोडणीचा प्रश्न तर साधनाच्या आवाक्याबाहेरचाच होता. युनिसेफच्या ऑगस्ट २०२० च्या अंदाजानुसार किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत दूरस्थ शिक्षण पोहोचू शकले नाही. भावंडांत एकच फोन असलेल्या मुलाला मात्र, ठरलेल्या वेळी हजर राहण्याची सक्ती करणाऱ्या थेट तासापेक्षा, रात्री फोन मोकळा झाल्यावर उघडता येणारा गृहपाठ अधिक उपयोगी पडतो. याच कारणासाठी, शाळा पुन्हा कधी बंद ठेवाव्या लागल्या तर मी थेट तास कमी ठेवून क्लासरूमला मध्यभागी ठेवण्याची शिफारस करेन. त्यासोबत छापील कार्यपत्रिका घरपोच देण्याची सोय आणि हजेरीची स्वतंत्र नोंद शाळेने पहिल्या दिवसापासून करावी.