वेगळी पलटण की मिश्र पलटण? जपानी वंशाच्या अमेरिकी सैनिकांचा अनुभव

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं आणि त्यांच्याच पोरांची वेगळी पलटण उभारली: 442वी. वेगळेपणाचा एक फायदा नक्की झाला. पराक्रम कुणाचा, हे कुणाला लपवता येईना. ऑक्टोबर 1944 मध्ये फ्रान्सच्या व्होज डोंगरात वेढल्या गेलेल्या टेक्सासच्या 211 जवानांना त्यांनी सोडवलं. त्यापायी शेकडो जण मेले किंवा जखमी झाले. तरी अख्ख्या पलटणीत सर्वोच्च शौर्यपदक तेव्हा एकालाच, सादाओ मुनेमोरीला मिळालं, तेही मरणोत्तर. आणखी 20 पदकं द्यायला 2000 साल उजाडलं!

1948 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वंशभेद संपवण्याचा आदेश काढला. आधी 442व्या पलटणीत असलेले हिरोशी मियामुरा कोरियन युद्धात सगळ्या वंशांच्या मिश्र तुकडीत लढले. एप्रिल 1951 मध्ये सोबत्यांना माघारी पाठवून ते एकटे मशीनगनवर थांबले आणि पकडले गेले. 1953 मध्ये सुटका होताच त्यांच्या सर्वोच्च पदकाची घोषणा झाली.

माझा कौल निःसंशय मिश्र पलटणीला. वेगळ्या पलटणीत प्रत्येक जवानाच्या खांद्यावर अख्ख्या समाजाची निष्ठा सिद्ध करण्याचं ओझं असतं, आणि ते कुणाही विशीतल्या पोरावर लादणं अन्याय आहे.