आठवीत होकार की दहावीनंतर?

अमेरिकेत मुलगी सॉकर बरं खेळायला लागली की आपल्या मंडळींच्या घरी हा प्रश्न येतोच: कॉलेजच्या संघातली जागा आणि शिष्यवृत्ती आत्तापासून बघायची की थांबायचं? आमच्याकडे दोन्ही करून झालंय. थोरलीचं 2014 मध्ये, आठवीत. धाकटीचं 2022 मध्ये, दहावी संपल्यावर. मधल्या काळात, 2019 मध्ये, कॉलेजमधल्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेने नियम बदलला. सॉकरसह बहुतेक खेळांत आता दहावीनंतरच्या 15 जूनआधी कोचने भरतीची बोलणी करायची नाहीत. तरी घाई काही संपलेली नाही. क्लबवाले आणि कॅम्पवाले सहावीपासूनच कानाशी लागतात.

लवकर ठरलं की घराला स्वस्थता मिळते, हे खरं. थोरलीला तोंडी होकार मिळाला तेव्हा मी पेढे वाटले, खोटं कशाला बोलू? तो होकार ना कॉलेजला बांधतो ना मुलीला, करारावर सही थेट बारावीत, हे नीट डोक्यात शिरलं ते पेढे संपल्यावर. 2010 मध्ये यूएससी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा कोच लेन किफिन याने डेव्हिड सिल्स या 13 वर्षांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, जागा देऊ केली, तेव्हा देशभर गाजावाजा झाला होता. 2013 मध्ये किफिनलाच काढलं. सिल्स नाव कमावून गेला ते वेस्ट व्हर्जिनियात, आणि तेही रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा म्हणून.

आमच्या थोरलीचा कोच टिकला, त्यामुळे तशी तक्रार नाही. मला वीट आला तो फोनचा. तेव्हा आठवीतल्या मुलीला कोच फोन करू शकत नसे, पण तिने केला तर उचलू शकत असे. मग क्लबच्या कोचकडून निरोप यायचा: बुधवारी साडेसहाला फोन करायला सांगा. मावशीशी फोनवर बोलतानाही अवघडणारी ही पोर मी लिहून दिलेला कागद हातात धरून जिन्यात बसायची. उचलला नाही तर संपलं, कारण कोचने उलट फोन करायचा नाही. असे तीन बुधवार गेले. तिसऱ्यांदा उचलला, तर हिने सगळा कागद एका दमात वाचला आणि समोरून काही विचारायच्या आत ‘थँक्यू’ म्हणून ठेवूनही दिला. आम्ही हसलो. ती जेवली नाही.

धाकटीच्या वेळी 15 जूनला एकही मेल आला नाही. घरात सुतकी कळा. पहिला मेल आला आठवड्याने. मधल्या दोन वर्षांत ती चार इंच वाढली होती आणि फॉरवर्डची गोलकीपर झाली होती. आठवीत तिला कुणी घेतलं असतं, तर भलत्याच जागेसाठी घेतलं असतं. कोचशी ती स्वतःच बोलली, दार लावून. लॅबचे तास आणि सराव एकाच वेळी आले तर काय करायचं, हे तिने विचारलं. मला सुचलंही नसतं.

पैसे मात्र थोरलीपेक्षा कमी मिळाले, हे लपवत नाही. पण तेव्हाही डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या कॉलेजांच्या, मुलींच्या सॉकर संघाला मिळून पूर्ण शिष्यवृत्त्या 14च असायच्या, आणि त्यांचे तुकडे पाडून सगळ्या संघात वाटत. ‘फुल राइड’, म्हणजे सगळा खर्च भागवणारी शिष्यवृत्ती, म्हणून जे कानावर येतं, ते सहसा तसं नसतं.

तुमची मुलगी खरोखरच वयाच्या पुढे खेळत असेल, तर माझं कदाचित चुकतही असेल. पण या उन्हाळ्यात आठवीतलीसाठी चार-चार कॅम्पांचे पैसे भरणार असाल, तर एकाचेच भरा. तिच्या मैत्रिणी जिथे जाणार आहेत, तो कॅम्प बघा.